हौसाबाईचा डावा स्वरतंतू

"नस मी कापलीच नाही, सर. मग आवाज जाईल कसा?"

डॉ. तन्मय खर्डे उभ्या उभ्या विचारत होते. समोर त्यांचे गुरू, कान-नाक-घशाचे म्हातारे डॉक्टर मुजावर. आणि खुर्चीत हौसाबाई बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देते. भांडी आमच्या दुकानातली, म्हणून तिला घेऊन मीच आलो होतो.

तीन आठवड्यांपूर्वी खर्ड्यांनी तिची थायरॉइडची गाठ काढली, आणि तिची आरोळी गेली; उरली नुसती कुजबुज. बोहारीण दारावरून गेली तरी गल्लीत कुणाला पत्ता लागेना.

"सूज आहे, उतरेल, असं सांगितलंय मी."

"घशात बघितलंस?"

खर्ड्यांनी केसपेपर उलटापालटा केला.

आमच्या दुकानात गिऱ्हाईक घागरसुद्धा वाजवून घेतं हो.

मुजावरांनी लांब दांडीचा छोटा आरसा दिव्यावर कोमट केला, हौसाबाईची जीभ कापडात धरली, आरसा आत नेला.

"ई म्हण, बाई… तन्मय, बघ."

खर्डे वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"उजवा स्वरतंतू हलतोय. डावा… जागचा हलत नाही."

"कापावीच लागते असं नाही. आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, नुसती ताणली तरी रुसते."

म्हाताऱ्यानं पाण्याचा पेला पुढे केला. पहिल्याच घोटाला हौसाबाईला ठसका लागला.

"मान डावीकडं वळव. आता पी."

"सर, चांगली बाजू तर उजवी…"

"लुळ्या बाजूलाच वळव, बाई. ती बाजू मिटते, घोट चांगल्या बाजूनं उतरतो."

ती प्यायली. ठसका नाही. तशीच मान ठेवून "आ" म्हणाली. बारीक, पण आवाज आला.

हौसाबाई डोळे पुसत हसली. "आता काय, अशी वाकड्या मानंनं फिरू व्हय? लोक म्हणतील, बया फुगून बसलीया."

मग तिचं हसू थांबलं. "पर डाक्टर, ह्ये झालं कशानं?"

विचारलं मुजावरांना. ते आरसा पुसत बसले. स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले…

शेवटी खर्डे स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"माझ्या हातून, मावशी. ऑपरेशनात नस ताणली गेली. आणि सूज म्हणालो, ते न बघताच. सहा-आठ महिन्यांत बहुतेक सुधारेल. रोज आवाजाचे व्यायाम करायचे, मी शिकवायची सोय करतो. नाहीच सुधारलं, तर त्यावरही इलाज आहे."

हौसाबाई पदर सावरून उठली. दारात थांबून खर्ड्यांकडे वळली.

"सोमवारी येते. तुमीच बगा."

ती पायऱ्या उतरली. मी चपला शोधत होतो, म्हणून पुढचं कानावर पडलं.

"सर… नस आपोआप सुधारलीच असती, तर न सांगताही भागलं असतं ना?"

मुजावर खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

"एका शाळामास्तरांचं मी तसंच भागवलं होतं. चार महिन्यांत त्यांचा आवाज परत आला. खणखणीत."

"मग?"

"…त्यांच्या गल्लीतून मी अजून जात नाही."