श्वास न घेणारा पैलवान

विषय : सरकारी तालमीच्या चार म्हशी लिलावात काढणेबाबत.
संदर्भ : श्रीमंत महाराजांचा तोंडी हुकूम, ऐन जेवणावर दिलेला.

उपरोक्त प्रकरणाची हकीकत अशी. दसऱ्याच्या कुस्त्यांत कोंढरगडचे पैलवान शेजारच्या संस्थानाकडून सपाटून मार खाऊन आले. का हरलो, याचा विचार करायला वेळ लागतो. शास्त्रीबुवा नेमायला लागत नाही. म्हणून भूपाळराव महाराजांनी पवनभूषण शास्त्री नेमले. ‘पवनभूषण’ ही पदवी त्यांना कोणी दिली, हे विचारण्याइतका उद्धटपणा दरबारात कोणाकडे नव्हता.

बुवांनी सोबत एक यंत्र आणले. नाकातोंडावर बांधायचा कातडी मुखवटा, त्याला पितळी नळा आणि नळ्याला करंगळीही जाणार नाही एवढे भोक.

“यातून श्वास ओढा! हवा जितकी कमी, ताकद तितकी जास्त!”

“आणि खुराक?” तालमीच्या निंगाप्पा वस्तादांनी विचारले.

“वायू हाच खुराक! दूध-बदाम जडबुद्धीच्या माणसांना.”

पुराव्यादाखल त्यांचा शिष्य मार्तंड पुढे आला. चारचौघांत हा हवेखेरीज काही घेत नसे. त्याने नळ्यातून श्वास ओढले आणि तालमीतला नाल, म्हणजे पैलवान हात घालून उचलतात ते भलेमोठे दगडी कडे, डोक्यावर घेतला! महाराजांनी त्याच दुपारी जेवताजेवता खुराक बंद केला. खुराक नाही म्हटल्यावर म्हशी कशाला? काढा लिलावात!

या म्हशी हौसा गवळणीने पारड्या होत्या तेव्हापासून आपल्या गोठ्यात वाढवलेल्या. ती तालमीत आली, तर तोंडाला मुखवटे बांधलेले पैलवान रांगेत सूं-सूं करत उभे.

“अगं बाई!” हौसा म्हणाली. “मळणीत बैलाला मुसकं बांधतात, त्यानं धान्याला तोंड लावू नये म्हणून. हितंबी त्येच की!”

पैलवानांना हसू आले, पण नळ्यातून हसता येईना. हौसा तशीच दरबारात गेली.

“सरकार, म्हशी विकू नका. नुसत्या वाऱ्यावर ताकद येत असती, तर डोंगरावरची वानरं हत्ती झाली असती!”

बुवा भडकले. “श्वासात बळ नाही म्हणतेस?”

“श्वास समदेच घेत्यात, बुवा. आमच्या म्हशीबी घेत्यात. पण वैरण टाकल्याबिगर दूध देत न्हाईत.”

महाराजांना दरबारात उलट बोललेले खपत नसे. ते गरजले, “श्वासाचं एवढं वावडं आहे ना? मग श्वास न घेणारा पैलवान आण! पौर्णिमेला मार्तंडाशी कुस्ती. तुझा जिंकला तर म्हशी तुझ्या. हरला तर म्हशी लिलावात आणि तू संस्थानाबाहेर!”

दरबार खदखदून हसला. हौसा हसली नाही. मागच्या पंधरवड्यात दोन गोष्टी तिच्या ध्यानात आल्या होत्या. पहाटे धारेला बसावे तर म्हशींच्या कासा अर्ध्या रिकाम्या. आणि परक्या माणसाला शिंग दाखवणाऱ्या म्हशी मार्तंड दिसला की मान पुढे करत.

“कबूल, सरकार! पण तोवर म्हशी माझ्या गोठ्यात नकोत. जोखीम हाय. तुमच्या पागेत कुलपात ठेवा.”

“ठेवल्या!” महाराज म्हणाले. बाईने हात टेकले असेच त्यांना वाटले. मार्तंडाचा चेहरा मात्र उतरला. तो कोणी पाहिला नाही, कारण वर मुखवटा होता.

बाहेर आल्यावर वस्तादांनी कपाळाला हात लावला. “हौसाबाई, श्वास न घेणारा म्हणजे काय मढं आणणार?”

“मढं उचलायला हलकं, वस्ताद. मला वजनाचा गडी पायजे.” आणि तिने नाव सांगितले. वस्ताद मिशीत हसले.

पौर्णिमेला कुस्तीचा हौदा माणसांनी वेढला. हौसाची बैलगाडी आली. चौघांनी काहीतरी ओढून लाल मातीत ठेवले आणि वरचे कांबळे काढले. आत नाल! त्याला फेटा बांधलेला.

“हा कोण?” महाराज ओरडले.

“नाल पैलवान, सरकार. तुमच्या पणजोबांच्या कारकिर्दीपास्नं तालमीत हाय. एकदाबी श्वास घेतला न्हाई. बुवांनी नाकापुढं सूत धरून बघावं.”

“हा दगड आहे!” बुवा किंचाळले.

“सरकारांनी माणूसच आण, असं कुठं सांगितलं?”

महाराज चरफडले, पण शब्द दिलेला. बुवांनीच मग हात उडवला. “होऊ द्या! मार्तंडानं हा एकदा डोक्यावर घेतलाय. मार्तंडा, उचल आणि आपट!”

मार्तंडाने नळ्यातून श्वास ओढला. नाल गुडघ्यापर्यंत आला. पुन्हा ओढला. नळा पुंगीसारखा वाजला, मार्तंडाचे डोळे फिरले, नाल होता तिथे खाली बसला आणि मार्तंड मागच्या मागे आडवा! दोन्ही खांदे मातीला!

“चीतपट!” वस्तादांनी आरोळी ठोकली.

“अन्याय!” बुवा थयथयले. “दगडानं डाव कोणता टाकला? त्याला खांदे तरी आहेत का?”

“म्हणूनच तो चीत व्हत न्हाई, बुवा!”

महाराज मार्तंडावर खेकसले. “अरे, हाच नाल तू त्या दिवशी डोक्यावर घेतला होतास ना?”

मार्तंडाने मुखवटा ओढून काढला आणि आधी पोटभर श्वास घेतला.

“घेतला होता, सरकार. पण तेव्हा म्हशी पागेत नव्हत्या. पहाटे जाऊन पिता येत होतं.”

 मग महाराज असे हसले, की त्यांचाच श्वास अडकला आणि वस्तादांना पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. नळा मात्र कोणी पुढे केला नाही.

चारी म्हशी हौसाला मिळाल्या, वर नदीकाठचे कुरणही. तालमीचा खुराक पूर्ववत सुरू झाला. मार्तंड हौसाकडे धारा काढायला राहिला. आता तो उजेडात पितो.

पवनभूषण शास्त्री यांनी फेरलढतीसाठी अर्ज केला आहे. त्यात प्रतिपक्षास, म्हणजे नालास, लढतीपूर्वी पंधरा दिवस नळा लावावा, अशी विनंती आहे. अर्ज दाखल करून घेतला आहे. निर्णय प्रलंबित आहे.