चौदा आण्यांचा आंबा

“अक्का, एक कोटी झाले की थांबतो. मग तर चालेल ना?”

अक्का पडवीत बसून गवत झटकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मागच्या खेपेला किती म्हणाला होतास?”

“पंचवीस लाख.”

“आणि त्याच्या आधी?”

“तेव्हा काय, दुप्पट झाले तरी पुरे म्हणालो होतो.” सुयोग हसला.

“हं...” अक्का म्हणाल्या आणि पुढची पेंढी ओढून घेतली.

डोंगरावरच्या त्या मठात अक्का एकट्याच राहत. मठ म्हणजे तरी काय, चार खोल्या, एक विहीर आणि मागे हापूसची थोडी कलमं. त्यांचं दीक्षेचं नाव चांगलं लांबलचक संस्कृत होतं, पण ते बहुधा त्यांनाही आठवत नसावं. खालच्या गावापासून पार पुण्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत.

सुयोग मांजरेकर हा त्यांचा जुना शिष्य. कॉलेज संपल्यावर त्यांच्यापाशी राहून ध्यान शिकला, विहीर शेंदायला शिकला, आणि आपल्याला आता बरंच काही कळलंय अशा खात्रीने पुण्याला नोकरीला लागला. अधूनमधून अक्कांच्या पाया पडायला यायचा. या वैशाखातही आला तो बोक्याचंच बोलणं घेऊन.

“हा बोक्या म्हणजे आहे तरी काय?” अक्कांनी विचारलं.

“नाणं आहे. कॉम्प्युटरवरचं.”

“कोणी पाडलं?”

“कुणीतरी गमतीत काढलं, अक्का. वर बोक्याचं चित्र आहे. लोकांना आवडलं, लोक घ्यायला लागले.”

“बोका करतो काय?”

“काही करत नाही. लोक घेतात म्हणून वाढतो.”

“आणि लोक का घेतात?”

“वाढतो म्हणून.”

अक्कांनी थोडा विचार केला. “सोपं आहे,” त्या म्हणाल्या.

सुयोगला वाटलं, पटलं म्हाताऱ्या माणसाला. तो जरा पुढे सरकला.

“चाराचे बेचाळीस लाख झालेत. आणि मी एक पैसा काढलेला नाही. माझ्याबरोबर घेतलेले सगळे घाबरून पळाले. निम्म्यावर आला तेव्हा मी हललो नाही. दसपट झाला तेव्हाही हललो नाही. तुम्हीच शिकवलंत ना, चढो की पडो, आपण स्थिर राहायचं...”

“खांबही हलत नाही रे,” अक्का म्हणाल्या. “ते गवत दे इकडे.”

सुयोगने गवत दिलं. बोलणं त्याला लागलं होतं, पण शिष्याने चेहरा पाडायचा नसतो.

आता मुद्दा असा, की ते चार लाख सुयोगचे नव्हतेच. खाली बाजारात त्याच्या वडिलांची पिठाची गिरण होती. पुराचं पाणी शिरलं आणि चक्की, मोटर सगळं वाया गेलं. वडिलांनी होतं नव्हतं ते गोळा करून सुयोगच्या हातात दिलं. तू पुण्यात असतोस, चांगल्या कंपनीची चक्की बघ आणि पाठव, एवढंच म्हणाले. सुयोगने चक्की बघितली, भाव केला, आणि पैसे घातले बोक्यात. महिनाभरात दुप्पट करू, चक्की घेऊ आणि वर बाबांना छपराचे पत्रेही करून देऊ, असे मनात मांडे खात.

त्यानंतर तो बाबांना सांगत राहिला, कंपनीकडून उशीर होतोय.

वडील मात्र रोज सकाळी शटर उघडायचे. आतली लादी झाडायचे, बाकावर बसायचे आणि दुपारी शटर ओढून घरी यायचे. दळण घेऊन येणाऱ्या बायका आधी विचारायच्या, कधी सुरू करताय. पुढे पुढे त्यांनी विचारायचं सोडलं. हे सगळं सुयोगला आईने फोनवर सांगितलं होतं. ते ऐकल्यावर त्याने विकून टाकायचं ठरवलंही होतं. पण तेव्हा बोक्या नेमका चढत होता.

“गिरण कधी सुरू होतेय?” अक्कांनी एकाएकी विचारलं.

“होईल... एकदा कोटी झाले की एक सोडून चार गिरण्या घालून देतो.”

अक्का गवताचा थर हाताने सारखा करत राहिल्या. गवतावर आंबे पिकत घालतात ती अढी त्या लावत होत्या. शेजारच्या खोलीत आधीची अढी पिकली होती, आणि तिचा वास मठभर सुटला होता.

“चल, आंबे उतरवायचेत,” त्या उठल्या. “झेला कुठाय?”

झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाला पातं आणि जाळी लावलेली असते, ती. देठ पात्याने तुटतो आणि आंबा अलगद जाळीत पडतो. मठातल्या झेल्यात मात्र त्या सकाळी आंबा नव्हता. मठात फोनला रेंज नाही. म्हणून सुयोग पहाटेपासून झेल्याच्या जाळीत फोन ठेवून काठी कलमाच्या शेंड्यापर्यंत चढवत होता. भाव आला की काठी खाली, डोळे फोनवर, आणि पुन्हा काठी वर. अक्कांनी ते पहिल्या खेपेपासून पाहिलं होतं आणि चकार शब्द काढला नव्हता.

सुयोगने ओशाळून फोन काढून खिशात टाकला.

कलमाखाली उभं राहून अक्का म्हणाल्या, “झाडावरचा सगळ्यात पिकलेला आंबा शोध बघू. पुरता सोळा आणे तयार झालेला.”

सुयोगची नजर तयार होती. शेंड्याजवळ एक पिवळाधमक आंबा लटकत होता. कुठे डाग नाही, ओरखडा नाही. त्याने नेम धरून झेला लावला आणि आंबा जाळीत उतरवून घेतला. हातात घेतल्यावर त्यालाच हसू फुटलं.

“असाच राहायला हवा, अक्का. झाडावर, शेवटपर्यंत.”

“काप.”

त्याने सुरीने फोड काढली. वरून सोनं आणि आत कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत गर. त्याने उगाच एक चावा घेतला आणि थुंकून टाकला.

“साका,” तो म्हणाला.

कोकणातला मुलगा होता, त्याला साका सांगावा लागत नव्हता. हापूस फार दिवस झाडावर ठेवला की पुष्कळदा आतून असा धरतो. म्हणून बागायतदार आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात. दोन आणे कमी असतानाच, हिरवा.

“बाहेरून कळलं नाही?” अक्कांनी विचारलं.

“नाही कळत बाहेरून.”

“कधी कळलं?”

“कापल्यावर.”

“आणि उतरवायचा कधी असतो?”

सुयोगने फोड खाली टाकली. एक कावळा येऊन त्या फोडीकडे बघून गेला.

पण पोरगा हुशार होता, आणि हुशार माणसाचं घोडं हुशारीतच अडतं.

“आंब्याचं ठीक आहे, अक्का. आंब्याला खुणा असतात. देठाजवळ खांदे भरतात, रंग बदलतो. चौदा आणे झाले हे बघून सांगता येतं. बोक्याचे चौदा आणे कुठे झाले, हे मला कोण सांगणार? उद्या दुप्पट होईल, किंवा मातीमोल होईल. कळायला काही मार्गच नाही.”

“नाही ना कळत?”

“नाही.”

“मला वाटलं, तुला कळतं. म्हणून इतके महिने थांबलायस.”

सुयोगने मान खाली घातली. 

अक्कांनी शांतपणे झेला त्याच्याकडून घेतला आणि खालच्या फांदीचे आंबे उतरवायला लागल्या. एक. मग दुसरा. पाच झाले तसे त्यांनी ते वेगळ्या परडीत ठेवले.

“हे देवाचे,” त्या म्हणाल्या. “दर तोडीला आधी हे पाच उतरतात. झाडावर किती आहेत ते मी नंतर बघते.”

मग त्या पुढच्या फांदीकडे वळल्या.

सुयोग त्या परडीकडे बघत राहिला. साधे हिरवे आंबे होते, चीक अजून देठावर चमकत होता. आणि का कोण जाणे, त्याला बाबा दिसले. रिकाम्या गिरणीतली लादी झाडणारे. झाडायला तिथे पीठसुद्धा पडत नव्हतं. 

“अक्का, रेंज... नीट रेंज कुठे मिळेल?”

“वर,” अक्कांनी काठीनेच दाखवलं.

सुयोग कलमावर चढला. वरच्या बेचक्यात बसला. फोन उघडला. बेचाळीसचे एकोणचाळीस झाले होते. त्याने निम्मा बोक्या विकायचं बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

सदतीस.

“अक्का, पडतोय...”

“फांदी धर.”

“मी नाही, भाव पडतोय.”

“तू फांदी धर.”

त्याने फांदी धरली. तेहतीस. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. एक मन म्हणालं, रद्द कर, येईल वर, नेहमीच येतो. अंगठा त्या बटणापर्यंत गेलासुद्धा. खालून आंबा जाळीत पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ अक्कांचं पुटपुटणं. त्याने अंगठा मागे घेतला.

चक्र थांबलं. विकलं गेलं होतं. सकाळच्या भावापेक्षा कितीतरी कमी, पण सरकारचा कर वजा जाऊनही चक्की येऊन वर उरेल इतकं. पैसे बँकेत पाठवायचं काम त्याने तिथेच उरकलं आणि तसाच बेचक्यात बसून बाबांना फोन लावला.

“बाबा... चक्की मी कंपनीला सांगितलीच नव्हती. तुमचे पैसे दुसरीकडे घातले होते.”

पलीकडे गिरणीतल्या बाकाची करकर तेवढी ऐकू आली.

“ठाऊक होतं,” बाबा म्हणाले.

“कसं?”

“अरे, कंपनी इतके महिने गप्प बसते होय? चक्की कुठे बसवायची ते विचारायला तरी फोन करतेच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून.” बाबा थांबले. “गेले का पैसे?”

“नाही. आहेत. आजच चक्की सांगतो.”

“सांग... शटर करकरतंय. तोवर त्याला तेल घालून ठेवतो.”

सुयोगने फोन ठेवला. झाडावर बसून रडायचं कठीण असतं, नाक पुसायला हात मोकळा लागतो. त्याने तेही जमवलं. मग पुण्याला फोन करून चक्की सांगितली आणि खाली उतरला.

अक्कांनी झेला त्याच्या हातात दिला. दुपारपर्यंत दोघांनी मिळून कलम उतरवलं. शेंड्यावर थोडे आंबे राहिले, तिकडे सुयोगने काठी नेली तशी अक्का म्हणाल्या, “ते राहू देत. वटवाघळांचे.”

संध्याकाळी मात्र व्हायचं तेच झालं. सुयोग पाणी शेंदून आला आणि राहवलं नाही म्हणून पुन्हा बेचक्यात चढून बघून आला. बोक्या सुसाट सुटला होता. सकाळच्या दीडपट. खाली आला तेव्हा चेहरा पार उतरलेला.

अक्का पडवीत बसल्या होत्या. समोर आधीच्या अढीतले पिकलेले आंबे. त्यांनी एक त्याच्यापुढे सरकवला.

सुयोगने तो बोटांनी दाबून दाबून माचवला, देठ काढला, चोखायला लागला. खात होता, पण मान वळून वळून मागच्या कलमाकडे जात होती.

“आज सकाळी विकायला नको होतं, अक्का. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर...”

अक्का कोय चोखत राहिल्या. ती स्वच्छ पांढरी झाल्यावर त्यांनी ती पानावर ठेवली.

“चक्की सांगितलीस?”

“सांगितली.”

“बापाशी खरं बोललास?”

“बोललो.”

“आंबा गोड आहे?”

सुयोग थांबला. तोंडातल्या घोटाकडे त्याचं आत्ता लक्ष गेलं.

“गोड आहे... फार गोड आहे, अक्का.”

“मग झाडाकडे काय बघतोयस?”