चाळीस घरचा पाहुणा

कुठल्याच नकाशात न सापडणारी एक सीताफळवाडी होती, आणि तिथे शलोमी नावाची चिमुकली पोर आईबरोबर राहायची. बाप नव्हता. आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. शलोमीचा फ्रॉक एकच, तोही विरलेला. पण पोर इतकी गुणी, की अर्ध्या भाकरीतलाही तुकडा चिमण्यांना टाकायची.

वाडीत निळ्या दाराचं इवलंसं चर्च होतं. तिथले पाळकसाहेब म्हणजे लाखात एक माणूस. कुणाला ताप आला, की हे उशाशी हजर. कुणाचं भांडण झालं, की हे मिटवायला हजर. शलोमीला वाचायलाही त्यांनीच शिकवलं. लोक त्यांना मान तरी किती द्यायचे! त्यांच्या घरात कुणी बसायचंच नाही, उंबऱ्यावरूनच बोलायचं आणि परत फिरायचं. साहेब एकटे राहतात, तेव्हा कुणाकडे तरी जेवत असतीलच, असं प्रत्येक घराला वाटे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हे तर चाळीस घरचे पाहुणे, बरं का.

एका शनिवारी शलोमी वही दाखवायला गेली, तर साहेब शिळा पाव पाण्यात बुडवून खात होते. शेजारी ट्रंक भरत आली होती.

"कुठे चाललात, साहेब?"

"उद्या संध्याकाळी वाडी सोडतोय, बाळा. इथे मला फार एकटं वाटतं गं." मग ते ओशाळून हसले. "कुणाला सांगू नकोस हं."

शलोमीने मान हलवली आणि चर्चमागच्या बागेत जाऊन हमसून हमसून रडली. तेवढ्यात जास्वंदीची कळी उमलली, सोनेरी उजेड सांडला आणि वीतभर उंचीची परी बाहेर आली. शेवंतीच्या पाकळ्यांचे पंख, मोरपंखी ओढणी, पायांत दवबिंदूंचे नाजूक पैंजण.

"एक इच्छा माग, राणी," परी म्हणाली. "पण स्वतःसाठी मागायचं नाही. कुणाची लाज जाईल असं मागायचं नाही. आणि माणसाच्या मनावर आमची जादू चालत नाही."

"भांड्यांवर चालते?"

"चालते की."

शलोमीने डोळे पुसले. "मग उद्या दुपारी कुणाच्याच पातेल्याचं झाकण उघडू नये. साहेब कुठे जेवतात, असं कुणीतरी विचारेपर्यंत."

रविवारी उपासना झाली, माणसं घरी गेली आणि वाडीभर एकच कालवा. साराबाईंनी रश्श्याचं झाकण ओढलं, लाटण्याने ठोकलं, नवऱ्यालाही ओढायला लावलं. छे! त्या तणतणत शेजारी गेल्या, तर तिथेही तेच.

"अगं बाई, मग साहेब काय खातील? ते तुमच्याकडेच जेवतात ना?" साराबाईंनी शेजारणीला विचारलं.

टण्‌कन सगळ्या वाडीतली झाकणं उडाली.

"आमच्याकडे? मला वाटलं, तुमच्याकडे."

घरोघर चौकशी झाली. वाडीत आल्यापासून सात वर्षांत साहेब कुणाकडेच जेवले नव्हते. बायांनी तोंडावर पदर घेतला, आणि पातेली उचलून सगळी वाडी साहेबांकडे निघाली. आज उंबऱ्यावर कुणी थांबलं नाही. लोक आत जाऊन जमिनीवर बसले, आणि ट्रंक सगळ्यांना दिसली.

"मी बरा आहे," साहेब सवयीने म्हणाले.

"बरे आहात, तर ही ट्रंक कशाला?" साराबाईंनी विचारलं. "खरं सांगा."

"सगळ्यांचं ऐकतो मी. माझं कुणाला सांगू?" साहेब म्हणाले.

म्हातारे दावीदबाबा उठले, साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आजवर साहेबच सगळ्यांसाठी करायचे. ते लहान मुलासारखे रडले, आणि मग पोटभर जेवले. ट्रंक बायांनीच रिकामी केली.

"उद्या कुणाकडे?" यावरून भांडण जुंपलं. साहेब म्हणाले, "उद्या शलोमीकडे."

"आमच्याकडे नुसतं पिठलं असतं, म्हणून आजवर बोलावलं नाही," आई मागून पुटपुटली.

"मला चालेल."

दुसऱ्या दिवशी साहेब पाटावर बसले, तेव्हा खिडकीत परी होती. "या घरात पाहुण्याला पिठलं कधीच कमी पडणार नाही," ती शलोमीच्या कानात म्हणाली, आणि लखलखत्या उजेडात विरून गेली.

तिसरी भाकरी मोडताना साहेब थांबले. "मला जरा मनातलं बोलायचं होतं. वेळ आहे ना?"

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बोल, भाऊ," ती म्हणाली.