टाकलेल्या मुखवट्यांचा टेंब

आंबेरण गावाच्या वरच्या अंगाला जो बुटका टेंब, म्हणजे टेकाड, दिसतो, तिथे देऊळ नाही, घुमटी नाही, नुसता ढीग आहे. तडकलेली मडकी, वाकडे शिवलेले परकर, एका बाजूला कललेला पाट, बेसूर वाजणारी सनई. नवख्या माणसाला वाटतं, गावाने उकिरडा केला आहे. पण इथे नारळ चालत नाही. आपल्या हातून फसलेलं काम आणून ठेवायचं, तेही सगळ्यांदेखत. मुद्दाम बिघडवून आणलेलं ग्रामदेवी वाघजाईला लगेच कळतं म्हणे. गावाला मात्र येणाऱ्या प्रत्येकाचाच संशय येतो.

यामागे जी गोष्ट सांगतात ती धाकू मेस्त्रीची. वाघजाईचा लाकडी मुखवटा करण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याचा. बापाचा मार खात तो शिकला होता, आणि शिकल्यावाचून कुणाला काही येतं यावर त्याचा कणभर विश्वास नव्हता. एका वर्षी समई कलंडून जुना मुखवटा जळाला. धाकूने फणसाच्या लाकडाचा नवा केला. नाक रेखीव, भुवया सारख्या, बोट ठेवायला जागा नाही. तातू गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलं लावून कौल मागितला. डावं फूल पडलं, म्हणजे नकार. धाकूने दुसरा मुखवटा केला. पुन्हा डावंच.

तेवढ्यात खोताचा घरजावई विसाजी एक मुखवटा घेऊन देवळात आला. घाटावरून आलेल्या या माणसाला जेवण्या-झोपण्याखेरीज काही करताना कुणी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "पटाशी कशी धरतात तेही मला माहीत नाही. देवीने स्वप्नात येऊन माझा हात धरला." त्या मुखवट्याचे डोळे पाहून बायकांनी नकळत पदर सावरले. फूल उजवं पडलं. लोक विसाजीच्या पाया पडू लागले, आणि यापुढे मुखवट्याचा मान त्यालाच द्यावा, असं बोलणं सुरू झालं.

धाकूचं पित्त खवळलं. घराण्याचा मान जाणार, तोही एका ऐतखाऊच्या स्वप्नापायी! आधी त्याला तातूचाच संशय आला; उजवीकडचं फूल याने सैल लावलं असेल. मग वाटलं, मुखवटा गोव्याहून विकत आणला असेल. त्याने विसाजीवर पाळतच ठेवली. एका सकाळी तीर्थ घ्यायला विसाजीने हात पुढे केला आणि धाकूची नजर तिथे अडकली. त्या रिकामटेकड्या माणसाच्या तळहाताला घट्टे होते. पटाशी धरून धरून धाकूच्या हाताला पडले होते, अगदी तसेच.

त्या दुपारी विसाजी पंचा खांद्यावर टाकून टेंबाकडे निघाला. धाकू लपतछपत मागोमाग गेला. करवंदीच्या जाळीमागे जे दिसलं ते पाहून त्याला हसूच फुटलं. मुखवट्यांचा हा ढीग! तळाचे तर वाळवी लागलेले, नाक तुटलेले, डोळे तिरळे. वर्षानुवर्षांची खटपट होती ती. धाकूने हाका मारून गाव गोळा केलं.

"बघा ही देवीची करणी!" तो ओरडला. लोक विसाजीवर तुटून पडले. विसाजीने मान खाली घातली. "मी आपला आपण शिकलो असं सांगितलं असतं, तर घेतला असतात?" तो म्हणाला. "घरजावयाच्या हातचा मुखवटा कौलाला तरी लावला असतात?"

तातू गुरवाला वयामुळे कमी दिसे. त्याने ढिगावरचा एक मुखवटा उचलला, बोटांनी चाचपला, उन्हात धरून पाहिला.

"धाकू, हो तुझ्या हातचो मा रे? इतको बरो कित्याक टाकलंस?"

सगळं गाव धाकूकडे बघू लागलं. त्याने मुखवटा हातात घेतला. हनुवटीखाली पटाशी जराशी खोल गेली होती, दोष म्हणावा तर एवढाच. एवढ्यासाठी त्या माणसाने तो टाकून दिला होता. धाकूच्या घराण्यात काही टाकायची रीतच नव्हती. त्यांची पटाशी लागली की ते चांगलंच. आता नुसतं 'होय' म्हटलं असतं, तर विसाजी चोर ठरला असता आणि मान घरातच राहिला असता.

"नाय तातूदा," तो म्हणाला. "माझो न्हय. असो माझ्याच्यान होवचो नाय."

मग तो घरी गेला, कापडात जपून गुंडाळलेले आपले दोन्ही मुखवटे घेऊन आला आणि ते त्याने सगळ्यांदेखत ढिगावर ठेवले. मान विसाजीकडे गेला. धाकूने दुसऱ्या दिवशी नवं लाकूड फोडलं, आणि पुढे कितीतरी वर्षं फसलेला मुखवटा घेऊन तो टेंब चढत राहिला म्हणे.

आजही आंबेरणात कुणी नवा मुखवटा घेऊन आलं, की गुरव आधी विचारतो, "टेंबार काय ठेवलंस?" ज्याचं तिथे काहीच नाही, त्याच्या मुखवट्यासाठी तो कौल लावत नाही. आणि ठेवलंय म्हणून सांगितलं, तरी स्वतः वर चढून बघून येतो.