या रविवारी आईला सांगतो

“...मग त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, आणि तिच्याशी बोलत कोण होतं?” मी विचारलं.

घाटातल्या दर्ग्याच्या उंबऱ्यावर बसलेल्या जमालबाबांनी मान वर केली नाही. मोरपिसांच्या कुंच्यातली तुटकी पिसं ते बोटांनी चाचपून बाजूला काढत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना उजेड तेवढा कळायचा.

“कोणाशी?” ते म्हणाले.

“स्वप्नालीशी. आत्ताच तर सांगितलं.”

“तू सगळं एकदम सांगितलंस, बेटा. पुन्हा सांग. हळू.”

मी पुन्हा सांगितलं.

मच्छिंद्र माझा मोठा भाऊ. मालकाची गाडी भाड्यानं चालवायचा. मालकानं विजेवरची नवी गाडी घेतली होती. मोठ्या रस्त्याला लागली की ती आपली आपण स्टिअरिंग सांभाळायची, पुढच्या गाडीपासून अंतर राखायची. दादानं नुसते हात टेकवून बसायचं, असा नियम.

दादाच्या फोनमध्ये मुलामुलींची ओळख करून देणारं एक ॲप होतं. त्यावर त्याला पैठणची स्वप्नाली भेटली. त्या ॲपमध्ये एक मदतनीस होता. माणूस नाही, यंत्रच. दादा गाडी चालवत असला की तो दादासारखं लिहून तिला उत्तरं द्यायचा.

“म्हणजे दादा गाडी चालवायचा तेव्हा फोन तिच्याशी बोलायचा,” मी म्हणालो. “आणि गाडी आपली आपण चालायची तेव्हा दादा बोलायचा. कळलं का?”

“कळलं,” बाबा म्हणाले. “एका वेळी एकच काम करायचा. चांगला होता.”

मला राग आला. बाबा थट्टा करतात की काय, तेही समजेना.

“याच घाटात गेला तो, बाबा. खालच्या वळणावर.”

“माहीत आहे. आवाज ऐकला मी.”

...

“मच्छिंद्र चढताना इथं थांबायचा,” बाबा म्हणाले. “पाणी प्यायचा. बोलायचा नाही.”

“लाजरा होता. बाईमाणसासमोर तर तोंडातून शब्द निघायचा नाही.”

“मग यंत्र त्याच्यासारखं कसं बोलायचं?”

 हे मला कोणी विचारलं नव्हतं.

“आधी फोन दादाकडून शिकला,” मी म्हणालो. “मग दादा फोनकडून शिकला असणार. एकदा जेवताना आईला म्हणाला, ‘आई, आज तुझा दिवस कसा गेला?’ आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हणाली, ‘कसा जायचा? गेला. येडा झाला का तू?’”

बाबा हसले. मीही हसलो. मग मी रस्त्याकडे बघत बसलो.

रस्त्याच्या पलीकडे एसटीच्या थांब्यावर स्वप्नाली बसली होती. तिला मीच तिथं बसवलं होतं. तिच्या शेजारी बसायची माझी इच्छा नव्हती.

“ती आली आहे का?” बाबांनी विचारलं.

“आली आहे.”

“कशाला?”

“तेच तर सांगतोय.”

दादाच्या तेराव्याला ती आमच्या गावी आली होती. मांडवाच्या कडेला एकटीच उभी होती. बायका एकमेकींना विचारत होत्या, ही कोणाची? मग तिनं मला गोठ्यामागं बोलावलं आणि आपला फोन माझ्यापुढं धरला. दादाचा फोन तर गाडीखाली चेंदून गेला होता. तिच्या फोनमध्ये त्याचा मेसेज होता. अपघात झाला त्याच वेळचा.

“या रविवारी आईला सांगतो.”

एवढंच.

ती म्हणाली, “हे त्यांनीच लिहिलं का, एवढं सांगा. हो किंवा नाही.”

मी मालकाकडे गेलो. मालकानं गाडीवाल्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, आमची गाडी नीट होती, त्याच्या फोनचं बघा. मी ॲपवाल्यांना लिहिलं. तिकडून लगेच उत्तर आलं. ‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ मी विचारलं, तू माणूस आहेस का? त्यावर पुन्हा तेच आलं.

“आता बघा,” मी म्हणालो. “मेसेज दादानं लिहिला असेल, तर त्याला तिच्याशी लग्न करायचं होतं. पण मग त्याचे हात स्टिअरिंगवर नव्हते. तिच्यापायी गेला तो.”

“हं.”

“आणि यंत्रानं लिहिला असेल, तर दादा नीट गाडी चालवत होता. पण मग तिला शब्द दिलाच नाही कोणी.”

“हं.”

“आई रोज विचारते, ‘हात कुठं होते रे त्याचे?’ आईला एक सांगावं तर ही मरते. हिला एक सांगावं तर आई...”



तेवढ्यात एक ट्रक चढावर हळू झाला. थांबला नाही. क्लीनरनं खिडकीतून वाकून नारळ घरंगळत सोडला.

“बाबा, आमच्या नावानं फोडा. वेळ नाही.”

नारळ माझ्या पायाशी येऊन थांबला. बाबांनी हात पुढं केला. मी नारळ दिला. त्यांनी तो उंबऱ्याच्या दगडावर फोडला आणि अर्धी कवड आत ठेवून आले.

“नारळ कोणाचा?” त्यांनी विचारलं.

“ट्रकवाल्याचा.”

“फोडला कोणी?”

“तुम्ही.”

“दुवा कोणाची?”

“त्याचीच. त्यानं सांगितलं म्हणून तर तुम्ही मागितली.”

“मी काय मागितलं, त्याला ठाऊक आहे का?”

“नाही. काय मागितलं?”

“आज दाढ दुखतेय,” बाबा म्हणाले. “काहीच मागितलं नाही. नुसता फोडला.”



“मग पोचतात का ते ट्रकवाले?”

“पोचलेले सांगायला येत नाहीत. न पोचलेलेही येत नाहीत.”

“बाबा, मी पाचवीत शाळा सोडली,” मी म्हणालो. “मला असं कोड्यात बोललेलं कळत नाही. हो की नाही, एवढं सांगा. तुम्ही आवाज ऐकला होता. ब्रेकचा होता का? हॉर्न वाजला का? हात स्टिअरिंगवर असते तर त्यानं हॉर्न दिला असता ना?”



बाबा कुंचा बाजूला ठेवून उठले.

“मला पलीकडे ने,” ते म्हणाले. “रस्ता मोठा केल्यापासून मला एकट्याला जमत नाही.”

मी त्यांचा हात धरला. हात हलका होता, हाडंच नुसती. आम्ही अलीकडची पट्टी ओलांडली. मधल्या दुभाजकाशी थांबलो. वरून येणारा रस्ता मोकळा दिसला. मी पाय टाकला.

पांढरी गाडी वळणातून कधी आली, मला कळलं नाही. विजेवरची होती. आवाजच नाही.

टायर किंचाळले. कोणीतरी कोणाला तरी मागं ओढलं. मी डोळे उघडले तेव्हा गाडीचं नाक माझ्या गुडघ्याला टेकायचं तेवढं राहिलं होतं, आणि आत एक चष्मेवाला माणूस दोन्ही हात वर करून बसला होता. त्याच्या मांडीवर फोन उजळलेला होता.

मी बॉनेटवर हात आपटला. काचेशी गेलो.

“तुमचं लक्ष कुठं होतं?”

“सॉरी, सॉरी. थांबली ना... थांबली.”

“ब्रेक कोणी दाबला?”

“काय?”

“ब्रेक तुम्ही दाबला की गाडीनं?”

तो माझ्याकडे बघत राहिला. 

“मीच दाबला असेन,” तो म्हणाला. “नाही... हिनंच दाबला बहुतेक. खरं सांगतो भाऊ, मला कळलं नाही.”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. तो हात जोडून निघून गेला.

मी दुभाजकापाशी बाबांजवळ आलो.

“काय म्हणाला?” त्यांनी विचारलं.

“त्याला माहीत नाही.”

“आणि आपल्याला मागं कोणी ओढलं? मी की तू?”

मी आठवून बघितलं. माझ्या मनगटावर त्यांची नखं उमटली होती. त्यांच्या दंडावरची कफनी माझ्या मुठीत चुरगळली होती.

“कळत नाही,” मी म्हणालो.

“आपण आहोत ना?”

“...आहोत.”

“मग चल.”

पण माझे पाय हलेनात. 

“त्याची थांबली,” मी म्हणालो. “त्याच्यासाठी थांबली, बाबा. तो बघतही नव्हता. मग दादाची का नाही थांबली?”

बाबा चाचपून माझा हात शोधत होते.

“सांगा ना. त्या गाडीला काय माहीत, कोणासाठी थांबायचं?”

बाबांनी माझा हात घट्ट धरला. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. आम्ही मध्ये उभे होतो. मी रडलो. किती वेळ, ते ठाऊक नाही.

मग आम्ही पलीकडे गेलो.

स्वप्नाली थांब्याच्या बाहेर येऊन उभी होती.  तिनं सगळं पाहिलं होतं.

“भाऊजी, लागलं का कुठं?”

“मला भाऊजी म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”



बाबा थांब्याच्या बाकावर बसले. हातानं चाचपून त्यांनी शेजारची जागा पुसली. ती तिथं बसली. मी उभाच राहिलो.

“बाबा,” ती म्हणाली, “यांनी विचारलं का तुम्हाला?”

“विचारलं.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

बाबांनी मान माझ्या दिशेला वळवली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे असे होते की मला सहन झालं नाही.

“त्यानंच लिहिलं,” मी म्हणालो. “दादानं. तुम्हाला लिहीत होता. म्हणून मेला. झालं समाधान?”

तिनं मान खाली घातली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “नाही, थांबा. त्यानं नाही लिहिलं. त्याचे हात स्टिअरिंगवर होते. ते यंत्र होतं. तुम्ही काही केलं नाही.”

तिनं वर पाहिलं. या वेळी तिचे डोळे भरले.

“म्हणजे त्यांनी ते म्हटलंच नाही,” ती म्हणाली.

मी दोन्ही उत्तरं देऊन मोकळा झालो होतो. दोन्हींनी तिलाच लागलं होतं. एसटी आली, थांबली, कोणी चढलं नाही, गेली.

“पोरी,” बाबा म्हणाले, “तो म्हणाला, रविवारी आईला सांगतो. मग त्यावर तू काय म्हणालीस?”

ती गोंधळली.

“मी?”

“हो. कोणीतरी तुला एवढं लिहिलं. तू गप्प बसलीस?”

“नाही... मी लिहिलं होतं. लगेच.”

“तू की तुझा मदतनीस?”

“मी,” ती म्हणाली. “मी तो कधी लावलाच नाही. मला टाइप करायला वेळ लागतो, तरी मीच लिहायचे. ते हसायचे मला.”

“मग पोचलं का त्याला?”

“नाही.” तिनं पर्समधून फोन काढला. “एकच टिक आहे. अजून.”

मी तिच्या फोनकडे पाहिलं. गोठ्यामागं त्या दिवशी हाच फोन माझ्या हातात होता. दादाची ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली होती. त्या ओळीच्या खाली माझे डोळे गेलेच नव्हते. खाली पाचसहा ओळींचा मजकूर होता.

“कोणी वाचलं आहे का ते?” बाबांनी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. मग बाबांना दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं.

“नाही,” ती म्हणाली. “कोणीच नाही.”

बाबा वाट बघत बसले.

तिनं फोन दोन्ही हातांत धरला. ओठ ओले केले. मला एकदम वाटलं, आधी आपण काहीतरी बोललं पाहिजे. माफी मागावी. किंवा सांगावं की आईला यातलं काही माहीत नाही. किंवा सांगावं की दादा रविवारी घरी येणार होता, खरंच येणार होता. मी तोंड उघडलं.

बाबांचा हात आला आणि माझ्या तोंडावर बसला. त्याला नारळाच्या पाण्याचा वास होता.

“तिला वाचू दे,” बाबा म्हणाले. “तू ऐक. उत्तर देऊ नकोस.”