चार इंच

“दीड इंच म्हणजे काय उचलणं झालं का, बुवा?” विराज ताडकन बोलला. “तेवढं तर गाडी शिंकली तरी उचलली जाते!”

 डोंगरावरच्या मठाचे धोंडीबुवा आडव्या टाकलेल्या टायरवर बसून गाडीच्या पोटाखाली बघत राहिले.

घाटाच्या पायथ्याला दस्तगीर मिस्त्रीची पत्र्याची शेड. आत मठाची पिकअप जॅकवर चढवलेली, मागची चाकं काढून बाजूला ठेवलेली. आणि खाली, ऑइलने काळ्या झालेल्या जमिनीवर, दोन पर्याय मांडलेले.

एका बाजूला लोखंडी ठोकळे, लांब बोल्ट आणि नवेकोरे लांब शॉकअप. गाडी चार इंच वर.

दुसऱ्या बाजूला पोलादाचा एकच जादा पाटा. मागच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांच्या जुडीत सरकवायचा. गाडी दीड इंच वर.

“एक काय ते ठरवा,” दस्तगीर म्हणाला. “दुपारपर्यंत मोकळी करून देतो.”

विराज रेडेकर मठात आला तो शांती शोधायला नव्हे. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, बापाने उंबऱ्यातच तोंडाचा पट्टा सोडला, तेव्हा बापाचं तोंड बघायला लागू नये एवढ्या उंचीवरची जागा त्याने शोधली. बुवांकडे उपदेश मागितला. बुवांनी पिकअपची किल्ली दिली.

तेव्हापासून डोंगरावरच्या मठाचं आणि त्यापलीकडच्या धनगरवाड्याचं सगळं ओझं तो वाहत होता. धान्य, पत्रे, सिमेंट, पेंड. वर दुसरी गाडी नव्हती. दुसरी कुणी आणतही नव्हतं, कारण रस्ता म्हणजे रस्ता नव्हता.

मागच्या बाजारी अर्ध्या वाटेवर, कातळाच्या पायरीवर, भरल्या गाडीच्या पोटाखालची डिझेलची टाकी दणकन आपटली. तडा गेला. सगळं डिझेल कातळाने पिऊन टाकलं.

मठाचे पंच दुसऱ्या दिवशी जमले. चौघे म्हातारे, चौघांच्या टोप्या कडक, चौघांपैकी एकानेही जन्मात स्टेअरिंग धरलेलं नाही. त्यांनी निकाल दिला: पोराला गाडी झेपत नाही. अजून एकदा मोडली की विकून टाकायची.

धनगरवाड्याने मग काय करायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

“ऐका,” विराज उकिडवा बसला. “भरल्यावर पाटे बसतात. गाडी खाली येते. त्या पायरीचा दगड येतो एवढा वर.” त्याने हाताने दाखवलं. “दीड इंचाने टाकी घासणार म्हणजे घासणार. चार घातले तर सुटते. हा हिशेब आहे, बुवा. मत नाही.”

“उंच गाडी वळनाला झुकती, पोरा,” दस्तगीर पान्हा पुसत म्हणाला.

“ते कळतं मला, चाचा. म्हणून तर मोजलंय. पोती तळाला, आडवी, दोन थर. वजन खाली राहतं. चार इंचाने काही होत नाही.”

“मोजलंस?” बुवांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“मोजलं.”

“सगळं?”

“सगळं. तांदूळ, पेंड, गुळाच्या ढेपा, मिठाची गोणी. हौद्यात जे जे चढतं ते सगळं.”

बुवा दाढी खाजवत राहिले…

“बरं,” ते म्हणाले. “चार लाव.”

दस्तगीरने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.  

विराजला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

“म्हणजे तुम्हाला पटलंय?”

“मी कुठं म्हनलो पटलंय?”

“मग?”

“तुला लावायचंय. लाव.”

“हेच!” विराज उभा राहिला. “तुम्ही म्हातारी माणसं सगळी एका मुशीतली. आधी मूग गिळून बसायचं. मग आमचं चुकलं की मान हलवत म्हणायचं, आम्हाला ठाऊक होतं. माझा बाप हेच करायचा. ते चार टोपीवाले हेच करतात. काही ठाऊक असेल तर आत्ता बोला की!”

“रेडेकर,” दस्तगीर दबक्या आवाजात म्हणाला, “बुवा हायत ते.”

“असू देत. बुवा झाले म्हणून कोड्यातच बोलायचं असतं काय?”

बुवा हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी टायरवरची बैठक फक्त थोडी सरकवली.

“मी काय गाडीतला जानकार न्हवं,” ते म्हणाले. “तुझा हिशेब मला कळत न्हाई. तू म्हनलास सगळं मोजलंय. मी म्हनलो लाव. ह्यात कोडं कुठलं आलं?”

 विराजने पान्हा उचलला.

दुपारपर्यंत काम झालं.  जॅक उतरला आणि पिकअप चाकांवर उभी राहिली… विराज तिच्याभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी. छाती पुढे काढून उभी होती गाडी. आपणही आता तसंच उभं राहू शकतो, असं त्याला वाटलं.

पोती भरली. तळाला, आडवी, दोन थर. वरून दोरखंड आवळला. मनाजोगतं झालं.

समोर चिंचेखाली धनगरवाड्याची माणसं बाजार करून बसली होती. चारपाच बाया, तंगडी मोडलेला एक म्हातारा, एका लेकुरवाळीच्या कडेवर तान्हं. भरलेली गाडी बघितल्यावर सगळी उठली, पदर खोचले, पिशव्या उचलल्या. नेहमीसारखी.

हे नेहमीचंच होतं. माल भरला की मालावर माणसं. ही सवय बुवांनीच लावलेली. गाडी पहिल्यांदा डोंगरावर गेली तेव्हा त्यांनीच सांगितलेलं, वर जाणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. पंचांनीही कधी हरकत घेतली नाही. त्यांच्यापैकी कुणी पोत्यांवर बसत नव्हतं ना. ते केबिनमध्ये बसायचे, काच खाली करून.

त्यातल्या बयाक्काने सगळ्यांच्या आधी चाकावर पाय टाकला. तो निसटला.

“काय रं ही उंच केलीस!” ती ओरडली. “आमास्नी काय घोड्यावर बसवतोस व्हय?”

“दम धर,” बुवा म्हणाले.

ते टायरवरून उठले. धोतराचा काचा मारला.

“आज तुमी ऱ्हावा हितंच. दुसऱ्या खेपंला न्हेतो.”

“आन् ह्या खेपंला?”

“ह्या खेपंला मी.”

आणि बुवा गाडीवर चढू लागले. एक पाय चाकावर, एक हात दोरखंडाला. पाय घसरला. गुडघा खरचटला. पुन्हा चढले.

“बुवा, केबिनमध्ये या,” विराज म्हणाला. “हे काय चालवलंय?”

“आत गुदमरतंय.”

“काच खाली करतो.”

“तू तुझी गाडी हाक.”

पोत्यांच्या दुसऱ्या थरावर, सगळ्यांत उंच जागी, म्हातारा मांडी ठोकून बसला. बयाक्काने खालून हाळी दिली, “बुवा, पडलासा तर मठ कुनाच्या नावावं?”

“तुझ्या!”

“नगं बाई. तुमचा विराज सांबाळायला लागंल त्यात.”

चिंचेखाली हशा पिकला. विराजने दार आपटलं आणि गाडी चालू केली.

म्हाताऱ्याचं नाटक, तो मनात म्हणत होता. मला भीती दाखवायची. पायरी येऊ दे, मग दाखवतो.

पायरी आली.

त्याने पहिला गिअर टाकला, श्वास रोखला. पुढची चाकं चढली. मागची चढली… त्याचे कान गाडीच्या पोटाखाली लागले होते. दणका नाही. घासल्याचा आवाज नाही. काहीच नाही. दगड खालून निघून गेला, जणू तिथे नव्हताच.

“सुटली!” विराज स्टेअरिंगवर थाप मारून ओरडला. “बुवा, सुटली! बघितलंत?”



पायरीनंतर वळण. तिथे वाट डोंगराला अंग घासून जाते आणि दरीकडे कललेली आहे. खाली करवंदीची जाळी, त्याच्याखाली नुसती हवा. या वळणावरून विराज गाणं म्हणत गाडी नेत असे, वर सातआठ माणसं घेऊन.

आज गाडी कलली आणि कलतच राहिली.

 विराजने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी आणखी एक हात पुढे सरकली, आणि डोंगराकडचं मागचं चाक क्षणभर जमिनीवर नसल्यासारखं वाटलं. स्टेअरिंग हातात एकदम हलकं झालं.

त्याने ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. इंजिन धडधडत राहिलं.

आरशात बुवा दिसत होते. दोन्ही हातांनी दोरखंड धरलेला. अंग डोंगराकडे झुकवलेलं. एक चप्पल पायात नव्हती.

विराज सावकाश दार उघडून उतरला. डोंगराच्या बाजूने मागे आला. हौद्याची फळी धरली. 

“उतरा, बुवा.”

“का रं?”

“उतरा म्हणतोय ना!”

“पायरी सुटली की.”

“सुटली. पण हे वळण… गाडी कलंडेल.”

बुवांनी दरीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“मगाशी हिशेब सांगितलास. काही होत न्हाई म्हनलास.”

“तो पोत्यांचा होता!”

“मग?”

“तुम्ही पोत्यांवर बसलाय. वजन वर गेलं. आणि गाडी आधीच वर आहे.”

“मी एकटाच हाय. काटकुळा मानूस. माझं काय ते वजन?”

 विराजला ते वजन मगाशी स्टेअरिंगमध्ये कळलं होतं. एका काटकुळ्या म्हाताऱ्याचं.

“बुवा, पाया पडतो. या बाजूने उतरा. मी गाडी मागे घेतो. माल इथेच उतरवतो, खांद्यावरून वर नेतो. दस्तगीरचाचाला सांगून हे काढून टाकतो. काय म्हणाल ते करतो. पण खाली या.”

बुवा हलले नाहीत.

“हाक की म्होरं.”

“वेडे झालाय काय?”

“हाक. बसलोय न्हवं मी घट्ट.”

“नाही!” विराज किंचाळला. आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. “तुम्ही वर असताना मी नाही नेणार!”

बुवांनी दोरखंडावरचा एक हात सोडला. गाडी किंचित कुरकुरली…

“मग कोन वर आसताना नेनार हुतास?”