नाव ठरेपर्यंत

प्राणी सभा भरवायला नुकतेच शिकले होते, तेव्हाची गोष्ट. हरिणीचं पाडस तापानं फणफणलं. औषध शोधायला मुंगूस, माकड आणि मधमाशी यांचं मंडळ नेमलं. प्रमुख कासव. तिघांनाही औषध सापडलं, पण दुसरा श्रेय लाटेल म्हणून कुणी दाखवेना.

कासव वैतागलं. "ठेवा सगळं या दगडावर!"

मुंगसानं मूळ ठेवलं, माकडानं पान, मधमाशीनं पाकळी. तिन्ही एकाच झुडपाची निघाली!

लगेच वाद पेटला.

"याला मुंगूसमुळी म्हणायचं!"

"छे, माकडपाला!"

"माशीफूल!"

दुपार कलली. दमून कासव म्हणालं, "बरं, आधी पाडसाला औषध देऊ."

दगड रिकामा होता. पलीकडे पाडस उड्या मारत होतं.

"तिन्ही मघाशीच चारली, कासवकाका," हरिणी म्हणाली. "नाव ठरवा आता सावकाश."